ध्यानाचं दार कुणासाठी?

(कृष्णपुरा, इंदूर येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी विषय देताना हात सैल सोडला होता. ध्यान, गुरू, परंपरा, यांतलं काहीही बोला, म्हणाले. अशी मोकळीक मिळाली की वक्ता पसरतो आणि श्रोता घड्याळ बघतो, म्हणून मी विषय एका प्रश्नापुरता आवळून घेतला आहे. ध्यान शिकवणाऱ्या अनेक संस्था आज म्हणतात, ‘या, कुणीही या, जात, धर्म, देश काही विचारणार नाही.’ त्याच संस्था असंही सांगतात, ‘आमची विद्या आमच्या गुरूंकडून, त्यांना त्यांच्या गुरूंकडून, अशी थेट बुद्धापासून आलेली आहे.’ एकीकडे सर्वांना मोकळा प्रवेश आणि दुसरीकडे जपून ठेवलेली साखळी. ही दोन्ही एका घरात नांदतात कशी? आणि आपल्यासारख्या माणसाने त्या घरात पाऊल टाकताना काय बघावं?

हा प्रश्न कृष्णपुऱ्यात विचारायला सोपा आहे. या भागात होळकरांच्या छत्र्या आहेत आणि त्यांच्या जवळच दत्ताचं देऊळ आहे. छत्र्या राजवंशाची आठवण सांगतात, देऊळ गुरुपरंपरेची. वरवर पाहता एक साखळी रक्ताची आणि दुसरी शिकवणीची. पण जरा जवळून पाहा. ज्या दुसऱ्या तुकोजीरावांची छत्री इथे आहे ते १८४४ साली दत्तक म्हणून गादीवर आले. म्हणजे रक्ताची म्हणवणारी साखळीसुद्धा अडचणीच्या वेळी निवडीनेच पुढे गेली. आणि दत्तसंप्रदायाची गोष्ट त्याहून मोकळी. भागवताच्या अकराव्या स्कंधातला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, आणि त्यांत पृथ्वी आहे, वारा आहे, समुद्र आहे, मधमाशी आहे, अजगरही आहे. शिकायची तयारी असेल तर गुरूंची वाण नाही, असा त्याचा सूर. तरीही त्याच संप्रदायात टेंबे स्वामींकडून दीक्षा, त्यांचे शिष्य नानामहाराज तराणेकर, आणि नानामहाराजांभोवती इंदुरात उभा राहिलेला त्रिपदी परिवार, अशी नावानिशी साखळीही आपण भक्तीने सांगतो. तेव्हा मोकळेपणा आणि साखळी यांची जोडी आपल्याला नवी नाही.

आता जरा लांब, जपानला जाऊ. झेन ही बौद्ध धर्मातली बैठकीला सर्वाधिक महत्त्व देणारी परंपरा. तिच्या सोतो शाखेत एखादा गृहस्थ व्रतं घेतो तेव्हा त्याला घडी घातलेला एक कागद मिळतो. त्या कागदावर वरपासून नावं लिहिलेली असतात: बुद्ध, मग भारतातले आचार्य, मग बोधिधर्म, मग चीनमधले, मग जपानमधले, आणि शेवटी ज्याने व्रत दिलं तो गुरू. एक तांबडी रेघ या सगळ्या नावांमधून ओवलेली असते. ती खाली येते, आजच व्रत घेतलेल्या माणसाच्या नावाला भिडते, आणि तिथून पुन्हा वर बुद्धाकडे वळते. कालपर्यंत बँकेत किंवा भाजीच्या दुकानात असलेल्या माणसाला एका दुपारी अडीच हजार वर्षांच्या यादीत जागा मिळते. स्वागत याहून मोठं काय असणार?

पण ती यादी खरी का? बोधिधर्म हा भारतातला अठ्ठाविसावा आणि चीनमधला पहिला आचार्य, असं झेन सांगतं. इतिहासकारांचं म्हणणं असं की अठ्ठावीस नावांची ही यादी चीनमध्येच, बऱ्याच उशिरा जुळवली गेली. सहाव्या आचार्याची, हुइनेंगची गोष्ट तर झेनमधली सर्वांत लाडकी आहे. लाकडं विकणारा, अक्षरशत्रू तरुण मठात येतो, तिथे त्याला तांदूळ कांडायला बसवतात, आणि विद्वान भिक्षूंना डावलून गुरू रात्री गुपचूप त्याच्याच हाती वारसा सोपवतो. विसाव्या शतकात हू शी या चिनी विद्वानाने तुनहुआंगच्या गुहांतून युरोपात गेलेल्या पोथ्या तपासल्या. त्यातून दिसलं की हुइनेंगला ‘सहावा’ ठरवण्यासाठी शेनहुइ नावाच्या शिष्याने आठव्या शतकात जाहीर वादविवाद करून अक्षरशः मोहीम चालवली होती. म्हणजे सर्वांत पवित्र साखळीतही राजकारण होतं, गटबाजी होती.

यावर नाक मुरडण्याआधी आपल्या घरात डोकावावं. ज्ञानेश्वरांनी आपली परंपरा सांगितली ती आदिनाथापासून. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ते स्वतः. आदिनाथ म्हणजे साक्षात शंकर. तिथे इतिहासकाराची कागदपत्रं चालत नाहीत. प्रत्येक साखळीचं वरचं टोक धुक्यात असतं. त्यावरून साखळी खोटी ठरवण्याची घाई करू नये, आणि वरच्या टोकावरून तिचा मोठेपणाही ठरवू नये. पाहायचं ते खालचं टोक. शेवटच्या कडीने, म्हणजे आज समोर बसलेल्या गुरूने, हाती आलेल्या गोष्टीचं काय केलं?

या कसोटीवर मराठी मुलखातलं सर्वांत मोठं उदाहरण तपासू. झेनची भारतातली ठळक जागा कोडैकनालजवळ पेरुमलमलैला आहे, बोधी झेंडो. तिच्याकडे मी पुन्हा येईन. पण झेनच्या जवळची, म्हणजे निव्वळ बैठकीवर उभी असलेली आणि कुणालाही दार उघडणारी बौद्ध परंपरा आपल्या भाषेच्या प्रदेशात आहे ती विपश्यनेची. तिचं मोठं केंद्र नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला. इंदूरलाही गोम्मटगिरीच्या बाजूला तिचं ‘धम्ममालवा’ केंद्र आहे.

इगतपुरीची गोष्ट रत्नागिरीपासून सुरू करावी लागते. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला कैद करून आधी मद्रासला आणि मग रत्नागिरीला आणून ठेवलं. रत्नागिरीला गेलेल्या प्रत्येकाने थिबा राजवाडा पाहिलेला असतो. बिचारा राजा १९१६ साली तिथेच वारला. पण राजा गेल्यावर तिकडे ब्रह्मदेशात काय झालं, हे आपण सहसा विचारत नाही. तिथे धर्माचा पालनकर्ता राजा असे. राजाच नाही तर धर्म टिकणार कसा, या धास्तीने तिथले भिक्षू हादरले. लेडी सयाडो नावाच्या विद्वान भिक्षूने त्यावर एक उत्तर शोधलं. राजाने धर्म सांभाळायचा तर आता राजा नाही. मग तो प्रत्येक गृहस्थाने सांभाळावा. त्यांनी सोप्या ब्रह्मी भाषेत छोट्या पुस्तिका लिहिल्या, गावोगाव हिंडले, आणि मठाच्या आत राहणारी ध्यानाची विद्या शेतकरी, कारकून, बायाबापड्यांना शिकवायला काढली. म्हणजे आज इगतपुरीला जे दार उघडं दिसतं ते मुळात एका राज्याच्या पडझडीतून उघडलं. दार उघडण्यामागे उदारपणा होता, तशी निकडही होती.

आता ही साखळी पाहा. लेडी सयाडो भिक्षू, जन्म १८४६, मृत्यू १९२३. त्यांनी ज्याला शिकवण्याचा अधिकार दिला तो सया थेटजी हा रंगूनजवळच्या खेड्यातला शेतकरी. १९०३ च्या पटकीच्या साथीत त्याची मुलं गेली, तो घर सोडून शांततेच्या शोधात फिरला आणि लेडी सयाडोंकडे पोचला. भिक्षूंनी एका शेतकऱ्याकडून ध्यान शिकायचं, हे त्या काळी अवघड होतं. लेडी सयाडोंनी आपल्या भिक्षूंपुढेच त्याची ग्वाही दिली. शेतकऱ्याने शिकवलं उ बा खिन या सरकारी हिशेबनीसाला. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा हे गृहस्थ देशाचे महालेखापाल होते. दिवसभर खात्यांचे हिशेब आणि उरलेल्या वेळात ध्यान. १९५२ मध्ये त्यांनी रंगूनला आंतरराष्ट्रीय ध्यानकेंद्र उघडलं. आणि या हिशेबनीसाने शिकवलं मंडालेच्या एका मारवाडी व्यापाऱ्याला, सत्यनारायण गोयंकांना. भिक्षू, शेतकरी, सरकारी अधिकारी, व्यापारी. चार कड्या आणि चार धंदे. ज्या समाजात कुणाचा मुलगा काय होणार हे जन्मावर ठरत होतं, त्या आपल्यासारख्या समाजाने ही यादी दोनदा वाचावी.

गोयंकांना अर्धशिशी होती, आणि ती इतकी विकट की मॉर्फिन घ्यावं लागे. युरोप, अमेरिका, जपान, सगळीकडचे डॉक्टर झाले. १९५५ साली ते उ बा खिन यांच्याकडे गेले आणि डोकेदुखीवर उपाय म्हणून शिबिराला येतो म्हणाले. उ बा खिन यांनी नकार दिला. डोकं दुखतं म्हणून यायचं असेल तर येऊ नका. मन स्वच्छ करायचं असेल तर या, डोकेदुखी गेली तर ती वरकड. ही गोष्ट गोयंका पुढे आयुष्यभर सांगत राहिले. मला ती महत्त्वाची वाटते, कारण आजच्या विषयाचं मर्म तिच्यात आहे. दार उघडं होतं. मारवाडी, हिंदू, परका, कुणालाही आडकाठी नव्हती. पण दाराला उंबरठा होता. आत येणाऱ्याने काहीतरी बाहेर ठेवून यायचं होतं.

१९६९ मध्ये आईच्या आजारपणाचं निमित्त होऊन गोयंकांना भारतात येण्याची परवानगी मिळाली. त्याच जुलैत मुंबईच्या एका धर्मशाळेत पहिलं शिबिर झालं. बसणारे चौदा जण, आणि त्यांत त्यांचे आईवडील. १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं. २०१३ मध्ये गोयंका वारले तोवर जगभर केंद्रं झाली होती आणि मुंबईच्या गोराईला आठ हजार माणसं एकत्र बसू शकतील असा, आत एकही खांब नसलेला घुमट उभा राहिला होता.

ज्यांनी शिबिर केलेलं नाही त्यांच्यासाठी त्या उंबरठ्याचं थोडं वर्णन करतो. पहाटे चार वाजता घंटा. साडेचारला बैठक. अकराला जेवण, आणि नव्या साधकाला संध्याकाळी पाचला चहा आणि फळ. जुन्या साधकाला तेही नाही, लिंबूपाणी. रात्री साडेनऊला दिवे बंद. मधले दहा तास बसायचं. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकपुडीजवळचा श्वास पाहायचा, दुसरं काही नाही. चौथ्या दिवसापासून रोज तीन वेळा तासभर हातपाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, फोन जमा, वही-पेन जमा. आणि यातली मला सर्वांत धारदार वाटणारी अट: तुमची जपमाळ, गंडा, ताईत, रोजची पूजा, सगळं दहा दिवस बाजूला. धर्म बदला असं कुणी म्हणत नाही. दहा दिवस दोन गोष्टींची सरमिसळ करू नका, एवढंच.

आणि पैसा? शिबिराला शुल्क नाही. राहणं, जेवण, सगळं मोफत. दान स्वीकारतात ते फक्त ज्याने निदान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलं त्याच्याकडून. बाहेरचा कुबेर आला तरी त्याचा चेक घेत नाहीत. म्हणजे तुम्ही आज जे जेवता ते तुमच्या आधी इथे बसलेल्या कुणीतरी ठेवून गेलेलं असतं. माझ्या मते या संस्थेची खरी परंपरा या वहीखात्यात दिसते. सोण आणि उत्तर या ज्येष्ठ भिक्षूंनी अशोकाच्या काळी ही विद्या सुवर्णभूमीला, म्हणजे ब्रह्मदेशाला, नेली आणि तिथे ती शुद्ध राहिली, असं गोयंका सांगत. इतिहासकार म्हणतात, आजच्या स्वरूपातलं हे ध्यान अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं पुनरुज्जीवन आहे. हा वाद चालू राहील. पण मागच्याने पुढच्याचं जेवण भरायचं, ही साखळी डोळ्यांना दिसते आणि तिच्यात धुकं नाही.

आता नाशिक जिल्ह्याबद्दल. इगतपुरीला ध्यानाचं केंद्र व्हावं याला जागेची, रेल्वेची, हवेची साधी कारणं असतील. पण तो जिल्हा दारांच्या इतिहासाने भरलेला आहे. नाशिकची त्रिरश्मी लेणी, आपली पांडवलेणी, ही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची भिक्षूंची राहण्या-बसण्याची जागा. तिथल्या शिलालेखांत सातवाहनांची राणी आहे, क्षत्रपांचा जावई आहे, आणि दशपूरचा वुधिक नावाचा एक शक लेखनिकही दान देणारा म्हणून नोंदलेला आहे. दशपूर म्हणजे आपल्या माळव्यातलं मंदसौर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. परक्या वंशाच्या कारकुनाने माळव्यातून येऊन भिक्षूंसाठी लेणं कोरवून द्यावं, इतकं ते दार रुंद होतं. त्याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा उपदेश झाला तो तिथे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. आणि त्याच जिल्ह्यात काळाराम मंदिर. २ मार्च १९३० ला तिथे अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात, म्हणजे पुन्हा नाशिक जिल्ह्यातच, बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यांचा जन्म आपल्या महूचा. इथून तासाभराच्या अंतरावर. एका जिल्ह्यात एक दार बंद राहिलं म्हणून लाखो माणसं १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला बुद्धाकडे गेली, आणि वीस वर्षांनी त्याच जिल्ह्यात बुद्धाच्या नावाने एक दार उघडलं. ही दोन दारं एकमेकांना ओळखतात का?

ओळखतात, पण अवघडून. आंबेडकरी चळवळीतल्या अनेकांना विपश्यनेविषयी शंका आहे, आणि ती पोकळ नाही. माणसावर अन्याय होत असताना त्याला डोळे मिटून श्वास पाहायला सांगणं म्हणजे अन्याय करणाऱ्याची सोय नव्हे का? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी भिक्षूविषयी विचारलेला प्रश्न याच जातीचा आहे: भिक्षू हा स्वतः परिपूर्ण होणारा माणूस की समाजाचा सेवक? केवळ स्वतःपुरता परिपूर्ण झालेला भिक्षू त्यांना नको होता. दुसरीकडे, असंख्य नवबौद्ध कुटुंबं शिबिरांना जातात आणि त्यातून ताठ कण्याने बाहेर येतात, हेही खरं. पुण्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने ध्यान आणि वस्तीतलं काम, म्हणजे वसतिगृहं, बालवाड्या, आरोग्य, हे एकत्र बांधायचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नात बाबासाहेबांच्या प्रश्नाची आठवण होती. माझं मत विचाराल तर ध्यानाच्या संस्थेने या शंकेला उत्तर देत राहिलंच पाहिजे. तिहार तुरुंगात एप्रिल १९९४ मध्ये हजाराहून जास्त कैदी दहा दिवस बसले, हे उत्तराचा एक भाग आहे. पण रोजंदारीवरच्या गवंड्याचं काय? महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजेची सोय केली. गवंड्याला आणि चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती कोण देणार? शिबिर मोफत असलं तरी बुडालेली रोजी मोफत नसते. दार सताड उघडं असूनही पोचता न येणारी माणसं राहतातच, आणि ती कोण आहेत हे मोजण्याची जबाबदारी दार उघडणाऱ्यावर आहे.

आता पुन्हा झेनकडे. बोधी झेंडो १९९६ साली उभं राहिलं. स्थापना केली ती फादर आमा सामी या जेझुइट धर्मगुरूंनी. योगायोग असा की त्यांचाही जन्म ब्रह्मदेशातला, १९३६ चा. ते जपानला कामाकुरात यामादा कोउन यांच्याकडे शिकले आणि १९८२ मध्ये त्यांना शिकवण्याचा अधिकार मिळाला. यामादा कोउनही भिक्षू नव्हते. संसारी गृहस्थ, रुग्णालयाच्या व्यवस्थापनात काम करणारे. रंगूनचा महालेखापाल आणि कामाकुराचा व्यवस्थापक, दोघेही ऑफिस करून ध्यान शिकवणारे. यामादांच्या झेंडोत, म्हणजे ध्यानगृहात, पाद्री येत, जोगिणी येत, आणि त्यांना ख्रिस्त सोडायला कुणी सांगत नसे.

पण झेनची शिकवण्याची रीत विपश्यनेच्या अगदी उलट आहे, आणि त्या उलटेपणातून आपल्याला बरंच शिकता येईल. विपश्यनेच्या शिबिरात सूचना येतात त्या गोयंकांच्या ध्वनिमुद्रित आवाजातून, आणि रात्रीचं प्रवचन चित्रफितीवर. समोर बसलेले सहायक आचार्य तंत्राविषयीच्या शंका तेवढ्या सोडवतात. गोयंकांनी मागे कुणा एकाला उत्तराधिकारी नेमलं नाही. यामुळे एक फायदा नक्की झाला: कुणी नवा बाबा तयार झाला नाही. तोटाही तिथेच आहे. ध्वनिफीत उलट प्रश्न ऐकत नाही. एखाद्याला आठव्या दिवशी आतून भलतंच काही उसळून आलं तर त्याला जिवंत, अनुभवी, थांबून ऐकणारं माणूस लागतं. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराला येऊ नका असं केंद्रं अर्ज भरतानाच सांगतात, ते योग्यच; पण प्रत्येकाला आपल्या आतलं आधी कुठे ठाऊक असतं?

झेनमध्ये सगळी मदार समोरासमोरच्या भेटीवर. पंचवीस-तीस मिनिटांची बैठक, मग रांगेने संथ चालणं, पुन्हा बैठक, आणि मधेच घंटा वाजली की एकेकाने उठून गुरूच्या खोलीत एकट्याने जायचं. तिथे गुरू विचारतो, शिष्य उत्तर देतो, उत्तर पोपटपंची असेल तर गुरू घंटी वाजवून बाहेर काढतो. जिवंतपणा इथे भरपूर आहे. पण बंद खोलीत एका माणसाच्या हातात एवढी सत्ता आली की काय होतं, तेही झेननेच पाहिलं. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध झेन केंद्राच्या प्रमुखांना स्वतःच्या वागणुकीमुळे पायउतार व्हावं लागलं. पुण्याच्या ज्या चळवळीचा मी गौरवाने उल्लेख केला तिचे संस्थापक संघरक्षित यांच्याविषयीही गंभीर तक्रारी पुढे आल्या आणि २०१६ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी जाहीर खेद व्यक्त केला. यामादांचे गुरू यासुतानी यांनी महायुद्धाच्या काळात जपानी साम्राज्यवादाची भलामण केली होती. ब्रायन व्हिक्टोरिया यांनी १९९७ साली पुस्तक लिहून हे उघड केलं, आणि त्याच परंपरेच्या पुढच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. साखळी बुद्धापर्यंत पोचते म्हणून तिच्यातला प्रत्येक माणूस बुद्ध होत नाही. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: पुढच्या कडीने मागच्या कडीची चूक चारचौघांत कबूल केली. परंपरेचं ओझं घ्यायचं म्हणजे हेही घ्यायचं. सगळं वैभव माझ्या गुरूंचं आणि चुका मात्र कुणाच्याच नाहीत, असं म्हणणाऱ्याने परंपरेचा फक्त नफा घेतला.

तिसरी रीत आपल्या मराठीतली. मुंबईत खेतवाडीच्या गल्लीत, माळ्यावरच्या एका लहान खोलीत, विड्यांचं दुकान चालवलेले निसर्गदत्त महाराज बसत. परंपरा इंचगिरीची: उमदीचे भाऊसाहेब महाराज, त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज, आणि त्यांचे हे शिष्य. मूळ पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांनी त्यांच्या मराठी संवादांवरून इंग्रजी पुस्तक सिद्ध केलं, ते १९७३ साली निघालं आणि जगभरचे लोक त्या जिन्याने वर चढू लागले. तिथे ना दहा दिवसांची अट, ना बंद खोली. महाराज मराठीत बोलत, कुणीतरी भाषांतर करी, आणि प्रश्न सगळ्यांसमोर होत. महाराज चिडत, खोडून काढत, पण विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असत. तिथला उंबरठा होता प्रश्नाचा. नुसतं दर्शन घेऊन पुण्य गाठीला बांधायला आलेल्याचं तिथे काम नव्हतं.

हे सगळं आज सहज वाटतं म्हणून एका माणसाची आठवण ठेवू या. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धाचं चरित्र वाचून इतके पेटले की १८९९ साली बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, तिथून सिलोन, मग ब्रह्मदेश. बुद्धाचा धर्म बुद्धाच्याच देशात शिकायला जागा नव्हती म्हणून ही पायपीट. परत येऊन त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं, आणि १९२५ मध्ये ‘समाधिमार्ग’ हे ध्यानावरचं पुस्तक मराठीत लिहिलं. वाट मराठीत उतरली, पण त्या वाटेवर बसायला ठिकाण व्हायला आणखी पन्नास वर्षं लागली. या वाटचालीची किंमत कोसंबींच्या घरच्यांनीही मोजली, हे त्यांचा गौरव करताना विसरू नये.

श्रोतेहो, इंदुरात आज ध्यान शिकवणाऱ्या जागांची कमी नाही. तुम्ही कुठे जावं हे मी सांगणार नाही. जाण्याआधी चार गोष्टी मात्र विचारा. इथला पैसा कुठून येतो आणि कुणाच्या हातात जातो? मला शंका आली तर ती कुणाला विचारायची, आणि विचारल्यावर कपाळाला आठी पडते का? मध्येच सोडून जावंसं वाटलं तर अपमान न होता जाता येतं का? आणि चौथं, गुरूची चूक झाली तर ती गुरूला सांगण्याचा अधिकार या घरात कुणाला आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बहुतेक ठिकाणी मिळतील. चौथ्यापाशी बरीच दुकानं अडखळतात. जिथे त्याचंही सरळ उत्तर मिळेल ती परंपरा दोनशे वर्षांची असो की दोन हजार, तिच्यात बसायला हरकत नाही. जिथे हा प्रश्नच पाप ठरतो तिथे यादी साक्षात आदिनाथापासून असली तरी चपला घालून परत यावं.

परंपरेविषयी बोलणाऱ्याने स्वतः हा नियम मोडू नये. माझं बोलून झालं आहे. अध्यक्षांनी अर्धा तास राखून ठेवला आहे. मी कुठे चुकलो असेन, कुठे एकांगी बोललो असेन, ते आता तुम्ही उभं राहून सांगा. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या, म्हणजे पुढच्यांनाच संधी मिळाली अशी तक्रार राहणार नाही.